बत्तीस वर्षांची प्रतीक्षा

पाठीवर साडेतीन किलोची रायफल, पायांत स्की आणि भात्यासारखा चाललेला श्वास. तशातच थांबून पन्नास मीटरवरचा नेम साधायचा, हा खेळ म्हणजे बायथलॉन. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी तो १९६० साली आला. स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९८४ पासून होत होती, पण ऑलिंपिकचे दार त्यांना उघडले ते १९९२ मध्ये, फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे.

तिथे १४ फेब्रुवारीला महिलांची पहिली रिले झाली. संघात तिघी. प्रत्येकीने साडेसात किलोमीटर अंतर कापायचे. एकदा पडून, एकदा उभ्याने नेमबाजी करायची. पाच लक्ष्यांसाठी आठ गोळ्या, त्यातल्या शेवटच्या तीन एकेक करून हाताने भरायच्या. तरीही लक्ष्य उरलेच, तर प्रत्येकाबद्दल दीडशे मीटरची जादा फेरी!

मला या शर्यतीत तो सारा काळ दिसतो. सोव्हिएत संघराज्य जेमतेम दोन महिन्यांपूर्वी विसर्जित झाले होते. स्प्रिंटची विजेती आन्फिसा रेझ्त्सोवा आणि तिच्या सहकारी ऑलिंपिक ध्वजाखाली उतरल्या. एकीकरणानंतरच्या जर्मनीचे हे पहिलेच ऑलिंपिक होते. जिंकल्या मात्र कोरिन निओग्रे, व्हेरोनिक क्लोदेल आणि आन ब्रियां या यजमान फ्रेंच मुली. जर्मनी दुसरी, संयुक्त संघ तिसरा.

पुढे १९९४ मध्ये लिलेहॅमरला संघात चौथीची भर पडली. आत यायला बत्तीस वर्षे लागली. एक जागा वाढायला दोनच पुरली.