लष्करी पिस्तूल आणि आपण

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. लष्करी काडतूस पुण्याला शेजारचंच. मग सैन्यातलं जुनं पिस्तूल स्वसंरक्षणासाठी आपल्याला का बाळगता येत नाही?

1878च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, गोऱ्यांना मात्र सूट. म्हणून 1931 साली कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. स्वराज्यातही परवाना राहिला. 1959च्या कायद्याखाली 9 मिलिमीटरसारखं लष्करी माप सामान्यांना वर्ज्य; परवाना मिळालाच, तर .32 बोअरचं पिस्तूल.

तेव्हा प्रश्न सरकारच्या अविश्वासाचा होता. आज तो आपल्यालाच विचारायचाय: लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत शेजारच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असलेलं आपल्याला चालेल का?