कानशीचा शेवटचा हात

1785 सालची गोष्ट. थॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत होते. ओनोरे ब्लाँ या फ्रेंच कारागिराने पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग त्यांच्यापुढे मांडले. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलून काही चाप स्वतः जुळवले. ते अचूक बसले. त्या काळी हे नवल होते. प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी जुळेपर्यंत घासला जाई. त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीला चालत नसे.

या कल्पनेचे श्रेय अनेक पुस्तके अमेरिकेच्या एली व्हिटनी यांना देतात. 1798 साली त्यांनी 10,000 बंदुकांचे कंत्राट घेतले आणि 1801 मध्ये असेच प्रात्यक्षिक केले. पण त्यांच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका विसाव्या शतकात तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग परस्परांत बदलता येत नाहीत असे आढळले. हे काम खऱ्या अर्थाने साधले ते हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल यांना. शंभर रायफलींचे धातूचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडले तरी ते बसतात, अशी ग्वाही 1827 साली तपासनीसांनी दिली.

मग यंत्र आले आणि हात सुटला, असे म्हणायचे का? इथेच एक बारीक अडचण आहे. यंत्राचे पाते धातू कापत कडेपाशी पोचते, तेव्हा त्याच्यापुढच्या धातूला मागून आधार उरत नाही. तो कापला जाण्याऐवजी वाकतो आणि कडेला पातळ, धारदार पापुद्रा राहतो. कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. मिलीमीटरच्या लहानशा अंशाएवढा हा पापुद्रा पुष्कळ घोटाळा करतो. गेज भागाला न टेकता बरवर टेकते आणि माप चुकते. भाग जागेवर सपाट बसत नाही. पुढे तो पापुद्रा तुटून फिरत्या भागांत अडकतो. कामगाराचा हात कापतो तो वेगळाच.

म्हणून यंत्रानंतरही कानस लागलीच. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॉबर्ट गॉर्डन यांनी स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील जुन्या बंदुकांचे भाग बारकाईने पाहिले. यंत्राने कापलेल्या पृष्ठभागांवर त्यांना कानशीच्या खुणा दिसल्या. अंतिम माप साधत होते ते गेज हाती घेऊन घासणारे कुशल कारागीर. इतिहासाने यंत्रे बनवणाऱ्यांची नावे जपली. या कारागिरांची साक्ष मात्र धातूवरच्या ओरखड्यांतच उरली.

आज बर काढण्यासाठी खडे भरलेली फिरती पिंपे, ब्रश, विद्युत-रासायनिक पद्धती असे पुष्कळ उपाय आहेत. तरी अवघड कोपऱ्यांत हातानेच काम करावे लागते. बर आहे की नाही, हे वर्गातही पाहता येईल. छिद्र पाडलेल्या पत्र्याच्या कडेवरून चिमट्यात धरलेला कापूस हलकेच फिरवा. बोटाला मात्र तिथे जाऊ देऊ नका. तंतू जिथे अडकतील, तिथे काम अपुरे राहिले आहे असे समजा.