'सेवा' शब्दाचे दोन अर्थ आणि रुग्णपरिचराचे वेतन
(वारजे परिसराच्या संदर्भात)

मराठीत 'सेवा' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी रूढ आहे. 'सेवापुस्तक', 'सेवाज्येष्ठता', 'सेवानिवृत्ती' या शब्दांत वेतन घेऊन केलेली नोकरी हा अर्थ आहे. 'मातृसेवा', 'ईश्वरसेवा', 'रुग्णसेवा' यांत फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्तव्य अभिप्रेत असते. रुग्णाला उठविणे-बसविणे, त्याचे अंग पुसणे, त्याला भरविणे, त्याच्या मलमूत्राची व्यवस्था पाहणे ही कामे करणाऱ्या परिचराच्या मोबदल्याचा इतिहास तपासला, तर असे दिसून येते की, तो कामाच्या कष्टांवरून फारसा ठरलेला नाही. या दोन अर्थांपैकी कोणता अर्थ कामाच्या जागी मान्य झाला, यावरच तो मुख्यतः ठरत आला आहे.

चरकसंहितेने वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद मानले. उपस्थात्याचे, म्हणजे परिचराचे, गुण सांगताना उपचारांचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या बरोबरीने अनुराग हाही एक गुण गणला आहे. परिचराकडून कौशल्याबरोबर जिव्हाळाही अपेक्षिण्याची ही परंपरा जुनी आहे. गावगाड्यात सुईणीची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत तिचे नाव आढळत नाही. लुगडे, चोळी, नारळ, धान्य हा तिचा मोबदला. तो हक्कापेक्षा घरधन्याच्या संतोषावर अवलंबून होता.

इंग्रजी अमदानीत रुग्णालय ही नवी संस्था आली. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. या व्यवस्थेत रूढ झालेले दोन शब्द लक्षणीय आहेत. 'आया' आणि 'पगार' हे दोन्ही मूळचे पोर्तुगीज असून मराठीत पूर्णपणे मुरले आहेत. महिनाअखेर ठरलेली रक्कम हाती पडणे ही कल्पना सुईणीच्या जगाला अपरिचित होती. तथापि शिक्षित स्त्रियांना या कामाकडे आणण्यासाठी नोकरीचा अर्थ पुरेसा नव्हता. वारज्याच्या शेजारच्या हिंगण्यास धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आश्रम आणला आणि विधवांना स्वावलंबनाची वाट दाखविली. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली परिचर्येच्या शिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. संस्थेच्या नावातच 'सेवा' आहे. या उदात्त अर्थाने घरंदाज स्त्रीसाठी रुग्णालयाचे दार उघडले, पण वेतनाचा प्रश्न उच्चारणे त्यामुळेच काहीसे संकोचाचे झाले.

स्वातंत्र्याच्या सुमारास कायद्याने यात हात घातला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने प्रशिक्षित परिचारिकेच्या शिक्षणाला एकसूत्री दर्जा दिला. नोंदणी नसलेला साहाय्यक परिचर मात्र या चौकटीबाहेर राहिला. त्याला आधार मिळाला तो १९४८ च्या किमान वेतन कायद्याचा. महाराष्ट्रात रुग्णालयातील नोकरी त्या कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट झाली. किमान दर ठरविताना शहरी आणि ग्रामीण क्षेत्रे वेगवेगळ्या परिमंडळांत घालण्याची पद्धत राज्यात राहिली. त्यामुळे १९९७ साली वारजे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, या घटनेला वेतनाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. त्याच वर्षी वारज्यात कर्करुग्णांसाठी सिप्लाचे परिहार सेवा केंद्र सुरू झाले. हद्दवाढीनंतर वस्ती वाढली, खाजगी रुग्णालये आली, आणि मुले दूरदेशी असलेल्या वृद्धांच्या घरी चोवीस तास माणूस ठेवण्याची गरजही निर्माण झाली. शासकीय वा पालिकेचा दवाखाना, खाजगी रुग्णालय, धर्मादाय केंद्र आणि रुग्णाचे घर अशी चार प्रकारची कामाची ठिकाणे एकाच उपनगरात शेजारी शेजारी आली.

या ठिकाणांतील अंतर आकड्यांनी स्पष्ट होते. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या संरचनेत सर्वांत खालच्या स्तराचे मूळ वेतन दरमहा १५,००० रुपयांपासून, तर अधिपरिचारिकेचे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता वेगळा. खाजगी रुग्णालयांविषयी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खाटांच्या संख्येनुसार शिफारस केली : २०० हून अधिक खाटा असल्यास शासकीय वेतनाइतके, १०० हून अधिक असल्यास फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० असल्यास फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० हून कमी असल्यास निदान २०,००० रुपये. ही शिफारस परिचारिकांपुरती होती. तिच्याच शेजारी उभ्या असलेल्या 'मावशी'चा किंवा 'वॉर्डबॉय'चा त्यात विचार नव्हता. पालिकेच्या वा शासनाच्या रुग्णालयातही कायम परिचर आणि कंत्राटी परिचर एकच खाट सावरतात. सेवापुस्तक मात्र पहिल्याचेच असते.

घर हे सर्वांत अवघड ठिकाण होय. येथे ब्यूरोमार्फत आलेल्या बाईचा हिशेब रोजावर चालतो. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि ब्यूरोचा वाटा आधीच वळता होतो. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, परंतु तो कल्याणाचा आहे, दराचा नव्हे. २०१९ च्या वेतन संहितेने अनुसूचीची अट दूर केली, तरी तिची भाषा 'आस्थापने'ची आहे. रुग्णाचे घर आस्थापना ठरते काय, येथे प्रश्न अडतो. घरची माणसे तिला 'मावशी' म्हणतात. त्या संबोधनात आपुलकी खरी असते. पण मावशी सुट्टी मागत नाही आणि रात्रीच्या जागरणाचे वेगळे पैसेही मागत नाही, अशी समजूतही त्याबरोबर नकळत येते.

सारांश, परिचराची वेतनाची अपेक्षा ही त्याच्या लोभाची वा समाधानाची गोष्ट नव्हे. ज्या ठिकाणी त्याच्या कामाला लेखी नाव, श्रेणी आणि तास मिळाले, तेथे त्याने वेतन हक्काने मागितले. जेथे ती मिळाली नाहीत, तेथे त्याला जुन्या सुईणीप्रमाणे घरधन्याच्या संतोषाची वाट पाहावी लागली. नात्याच्या शब्दाने कामाचा दर ठरू लागला की, तो दर सहसा कमीच ठरतो.