इंटरनेटवरील विलंब व पॅकेटगळतीचे निदान : नंदुरबार जिल्हा

इंटरनेटवर माहिती 'पॅकेट' नावाच्या लहान तुकड्यांनी प्रवास करते. तुकडा दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे विलंब. वाटेत तुकडे हरवणे म्हणजे पॅकेटगळती. पडद्यावर दोन्हींचे लक्षण एकच, गोल चकती फिरत राहणे. 'सर्व्हर डाऊन' म्हणून माणसाला परत पाठवण्यापूर्वी दोष यांपैकी कोणता, हे ठरवलेच पाहिजे.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न रेशनशी जोडलेला आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे वाटले गेले. आज रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवला की पडताळणीची विनंती मधल्या सर्व्हरमार्फत आधारच्या केंद्राकडे जाते. ही केंद्रे बेंगळुरू व मानेसर येथे आहेत.

अंतरामुळे होणारा विलंब टळत नाही, पण तो मोजता येतो. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी. जातो. नंदुरबार ते बेंगळुरू सरळ अंतर सुमारे १,००० किमी.; म्हणजे जाण्यायेण्याला निदान १० मिलिसेकंद. केबल रस्त्यांच्या कडेने वळसे घेत जाते आणि मोबाइल टॉवरही स्वतःचा वेळ घेतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काही पट मोठा येणे स्वाभाविक आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने उपग्रहजोडणीत जाण्यायेण्याचे किमान ४८० मिलिसेकंद धरावेच लागतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यात अशी जोडणी असेल, तर तिथले ६०० मिलिसेकंद हा बिघाड नव्हे.

तपासणी जवळून दूर न्यावी. 'पिंग' (चाचणीचा तुकडा पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजणारा प्रोग्राम; माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला) आधी स्वतःच्या राउटरला, मग सेवादात्याच्या पहिल्या राउटरला, मग मुंबईतील आणि शेवटी दूरच्या सर्व्हरला करावे. राउटरपर्यंतच गळती दिसली तर दोष घरातला. चार पिंगांत एक हुकला की २५ टक्के गळती दिसते, पण त्यावरून काहीच ठरत नाही. निदान शंभर पाठवावेत, पहाटे एकदा आणि सायंकाळच्या गर्दीत एकदा. सायंकाळीच आकडे बिघडत असतील, तर वाटेवर गर्दी होते आहे.

'ट्रेसरूट' वाटेवरचे टप्पे, म्हणजे मधले राउटर, दाखवतो. 'एमटीआर' त्यांवर सतत पिंग करत राहतो. येथे एक गल्लत नेहमी होते. चौथ्या टप्प्यावर ४० टक्के गळती आणि पुढच्या सर्व टप्प्यांवर शून्य असेल, तर चौथा राउटर केवळ चौकशीला उत्तर देण्यात हात आखडता घेतो आहे. माहिती पुढे नीट जाते आहे. चौथ्यापासून शेवटपर्यंत गळती टिकली, तरच ती खरी मानावी.

गळती विलंबापेक्षा जास्त घातक असते. पॅकेट हरवले की पाठवणारा संगणक वाटेवर गर्दी आहे असे धरून वेग एकदम कमी करतो, आणि अंतर जितके लांब तितका तो वेग पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून १ टक्का गळतीही दूरच्या सर्व्हरशी जोडणी लंगडी करते.

परतीची वाट अनेकदा वेगळी असते. म्हणून तक्रार करताना शक्यतो दोन्ही टोकांकडून घेतलेले एमटीआर, दोन्ही आयपी पत्ते आणि नेमकी वेळ सोबत जोडावी.