एका गाठीतली अक्षरे

चित्र, मजकूर, वेलबुट्टी असे चार सुटे तुकडे निवडायचे आणि ‘ग्रुप’ची आज्ञा द्यायची, की ते चारही एक होतात. सरकवले तर सगळे मिळून सरकतात, लहान केले तर सगळे त्याच प्रमाणात लहान होतात. आमच्या पोलादपुरात कॉलेजातली मुले मोबाइलवर कॅनव्हा उघडून लग्नपत्रिका करतात ती अशीच. कॅनव्हा २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाले. सुटे तुकडे एका गाठीत बांधण्याची विद्या मात्र फार जुनी, आणि मराठी छापखान्यांनी ती चांगलीच घोटलेली होती.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या सुबक वळणामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. इंग्रजीत एका अक्षराला एक खिळा पुरतो. देवनागरीचे तसे नाही. डिग्री पद्धतीत वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांचे खिळे वेगळे असत. दिसायला एक ओळ, पण जुळवायचे तीन थर. कंपोझिटर डोळे फोडून हे थर बसवी. मग पानाभोवती दोरा गुंडाळायचा, ते लोखंडी चौकटीत ठेवायचे, बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकून घट्ट कसायचे. हा फर्मा. नीट कसलेला फर्मा उचलला तरी एक खिळा खाली पडत नसे. आणि शुद्धलेखनाची चूक सापडली, तर चौकट सैल करून नेमका तेवढाच खिळा बदलता येई.

मी शाळकरी वयात महाडच्या एका छापखान्यात ट्रेडल मशीन पाहत उभा राहत असे. तिथे एका खणात गणपतीचा ठोकळा होता आणि त्याला चिकटूनच बिस्मिल्लाहचा. ज्याच्या घरी लग्न, त्याचा ठोकळा वर. बाकी पत्रिकेचे खिळे तेच, आणि ‘अगत्य येण्याचे करावे’ हेही तेच.

आता गंमत पाहा. संगणकासाठी जगभरच्या लिप्यांची जी युनिकोड नावाची यादी आहे, तिच्यात आपला ‘श्री’ एक अक्षर नाही. श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार संकेत मिळून तो होतो. उलट अरबीतली चार शब्दांची अख्खी बिस्मिल्लाह त्या यादीत एकाच संकेतात बसवलेली आहे. खणातले दोन ठोकळे, एक चौघांचा झाला, एक एकट्याचा राहिला.

संगणकावर चित्राचे तुकडे जोडून वापरण्याची कल्पना आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये स्पष्ट दिसते. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांनी ते प्रबंधासाठी केले. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर एक आकृती काढायची, तिच्या हव्या तितक्या प्रती मांडायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलत. १९८४च्या मॅकड्रॉमध्ये ‘ग्रुप’ आणि ‘अनग्रुप’ या आज्ञा आल्या. मग आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत कोरलड्रॉ आले आणि ‘कंट्रोल जी’ने बांधा, ‘कंट्रोल यू’ने सोडा, हे पोरांच्या बोटांत भिनले. कॅनव्हात तर गाठ न सोडताही आतल्या एका तुकड्यावर दोनदा टिचकी मारून तो दुरुस्त करता येतो. कंपोझिटरला हे पाहून हेवा वाटला असता.

पण ही सोय फाईल तुमच्याकडे आहे तोवर. पत्रिका चित्र म्हणून उतरवली, व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, की आतले तुकडे वितळून एकच पट्टी होते. मग सोडायला गाठच नाही, फक्त कात्री. माझ्या कवितांच्या बाबतीत हे नेहमी होते. फुलांच्या चौकटीत कविता असते, खाली नाव असते. तिसऱ्या-चौथ्या हातात जाईपर्यंत कुणीतरी खालची पट्टी कापलेली असते. एकदा माझीच कविता मला ‘अज्ञात कवी’ म्हणून ईदच्या शुभेच्छांसह आली. पाठवणाऱ्याने प्रेमाने पाठवली होती, त्यामुळे रागवायचे कुणावर?

जुन्यांना ही कात्री ठाऊक होती असे वाटते. तुकोबांचा अभंग असो की श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा, नाव शेवटच्या चरणातच विणलेले. गझलेत तेच काम मक्त्यातले तखल्लुस करते. नाव कापायचे तर वृत्तच लंगडे होते. हा ‘ग्रुप’ पाठांतरातून शतके टिकला, कागदही नसताना.

आमच्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवरायांच्या काळात त्यांनी संस्कृतात ‘शिवभारत’ रचले. ते अपुरे राहिले. बत्तिसाव्या अध्यायात थोडे श्लोक होऊन थांबते. त्याआधीचे अध्याय संपतात तिथे ग्रंथाच्या नावासोबत कवीचे नावही येते. त्यांच्या समाधीजवळून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या घाटाकडे वळतात, आणि गाडीतली मुले मोबाइलवर काहीतरी सरकवत असतात.