देहाची साक्ष

मूर्तिकारानें देह दगडांत घडविला, चित्रकारानें तो रंगांत उतरविला. परंतु पाहणाराच्या पाहण्यानें त्या देहास इजा होण्याचें भय कधींच नव्हतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं कलावंतांनीं आपला जिवंत देहच कलाकृति म्हणून पुढें केला, आणि हें अभय संपलें.

१९६४ सालीं क्योतो येथें योको ओनो ही जपानी कलावंत स्त्री रंगमंचावर निश्चल बसली. प्रेक्षकांनीं एकेकानें येऊन समोरच्या कात्रीनें तिच्या वस्त्राचा तुकडा कापून न्यावा, एवढाच तो प्रयोग. पुढें १९७४ सालीं इटलींतील नेपल्स शहरीं बेलग्रेडच्या मारिना अब्रामोविच हिनें मेजावर ७२ वस्तु मांडल्या. त्यांत गुलाब, पीस व मध होता, तशींच कात्री, पिस्तूल आणि गोळीही होती. ह्या वस्तु आपल्या देहावर हव्या तशा वापराव्या, जबाबदारी आपली, असें जाहीर करून ती सहा तास उभी राहिली. आरंभीं लोक संकोचले. मग तिचे कपडे कापले गेले, कातडीवर जखमा झाल्या, अखेर भरलेलें पिस्तूल तिच्यावर रोखलें गेलें. तेव्हां प्रेक्षकांपैकींच कोणी तें दूर केलें. वेळ संपून ती चालूं लागतांच जमाव पांगला.

हा प्रयोग आम्हांस रम्य वाटत नाहीं. परंतु तो निरर्थक होता असेंही आम्ही म्हणणार नाहीं. जो देह प्रतिकार करीत नाहीं, त्यास वस्तु मानावयास सभ्य माणसांस किती थोडा वेळ पुरतो, हें त्या रात्रीं दिसलें. पिस्तूल दूर करणारा हातही त्याच गर्दींतला होता. आपला हात कोणता, हें मात्र ज्यानें त्यानेंच ठरवावयाचें आहे.