‘ख्रिस्तपुराण’ आणि उपवासकाळातील मराठी चिंतन

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा, रविवार वगळता चाळीस दिवसांचा, उपवासकाळ कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्ताचा व ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील चिंतनाचा काळ होय. हे चिंतन मराठीत कसे रुजले, याचा विचार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वाचून पूर्ण होत नाही.

इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. सामान्य भाविकास ती अनाकलनीय होती. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला स्टीफन्स यांनी येशूचे दुःखसहन, मृत्यू व पुनरुत्थान ओवीतूनच ऐकविले. परिणामी परकीय वाटणारा प्रायश्चित्ताचा विचार श्रोत्यांच्या स्वतःच्या भाषेत उतरला.

१६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषा त्यागण्याचा आदेश दिला. तरीही ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. लोकभाषेतील उपासनेला व्यापक मान्यता दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) दिली. तिची निकड मराठी ओवीने जवळजवळ साडेतीनशे वर्षे आधीच ओळखली होती, हे येथे अधोरेखित करणे आवश्यक वाटते.